गाडी पुण्यात उभी कुठे राहणार?

पत्र :

मी बार्शीची. एका बँकेत अधिकारी आहे, वय ३८. जूनपासून येरवड्याच्या शाखेत बदली झाली आहे. मिस्टर घरी बसूनच व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करतात, मुलगा यंदा तिसरीत जाईल आणि सासूबाई आमच्याबरोबर येणार आहेत. त्यांचे गुडघे फार दुखतात. दोन घरं पाहिली आहेत. एक कोथरूडला, आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर. जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, भाडं २७ हजार. मालक म्हणतात, रस्त्यावर लावा, सगळेच लावतात. दुसरं धायरीला, मोठ्या सोसायटीत. लिफ्ट आहे, छताखालचं पार्किंग आहे, भाडं २२ हजार.

प्रश्न गाडीचा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतलेली पेट्रोलची छोटी गाडी. सगळे हप्ते माझ्या पगारातून गेले, मागच्या वर्षी कर्ज फिटलं. मला दुचाकी येत नाही. गाडी शिकले तेव्हा गल्लीतल्या चार जणांनी नावं ठेवली होती. आज तीच गाडी घेऊन मी एकटी सोलापूर, तुळजापूर, पंढरपूर करते. मिस्टर म्हणतात, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी म्हणजे डोक्याला ताप, विकून टाक. डीलर ३ लाख १० हजार देतोय. सासूबाई म्हणतात, दारात गाडी असू दे, रात्री-अपरात्री लागते. दीर म्हणतात, वहिनी, विकता कशाला, आमच्याकडे ठेवा, आम्ही वापरू. शिवाय एमएच-१३ ची, म्हणजे सोलापूरच्या नंबरची गाडी पुण्यात दिसली की पोलीस अडवतातच, असंही ऐकलंय. मला मात्र वाटतं, गाडी गेली की मी पुन्हा दुसऱ्यावर अवलंबून. काय करू?

— एक वाचक, बार्शी

उत्तर :

आधी सासूबाईंच्या गुडघ्यांचं बोलू. पत्रात त्या एका ओळीत येऊन जातात, पण अडलंय ते तिथेच. कोथरूडच्या घराला दोन जिने आणि लिफ्ट नाही. म्हणजे गाडी इमारतीच्या दारात उभी असली तरी तिच्यापर्यंत यायला त्यांना कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तीस-पस्तीस पायऱ्या उतरायच्या आहेत. परत आल्यावर तितक्याच चढायच्या आहेत. अशा घरात काय होतं ते मी जवळून पाहिलंय. पहिला महिना माणूस हौसेने उतरतं, दुसऱ्या महिन्यात कारणं सांगायला लागतं, आणि मग खाली उतरणंच सोडतं. बार्शीत ज्या बाईंना भगवंताच्या देवळापर्यंत जायची सवय असेल, त्या पुण्यात खिडकीशी बसून राहतील. त्यावर गाडी हा उपाय नाही, लिफ्ट हा आहे.

म्हणून ही दोन्ही घरं मनातून काढा. धायरीचं का नको ते पुढे सांगते. तिसरं घर शोधा: वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप, गरवारे कॉलेज यांपैकी कुठल्याही स्टेशनपासून चालत आठ-दहा मिनिटांत, लिफ्टचं, आणि पार्किंग नसलेलं. हो, नसलेलं चालेल. पार्किंगची अट सोडलीत की कोथरूड-एरंडवण्यातली कितीतरी घरं तुमच्या आवाक्यात येतात. पार्किंग हवंच म्हणणाऱ्या भाडेकरूला तीच घरं दाखवतसुद्धा नाहीत.

म्हणजे माझा सल्ला सरळ आहे. गाडी पुण्यात आणू नका. तिच्यावर जाणारे पैसे घरभाड्यात घाला.

तुम्ही बँकेतल्या आहात, आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा पटकन कळतील, तरी मांडते. डीलर आज ३ लाख १० हजार देतोय, वर्षाने २ लाख ७५ हजारांच्या आसपास देईल. म्हणजे ३५ हजार नुसते वय वाढल्याचे. विम्याचे ९ हजार, सर्व्हिसिंगचे ८ हजार, टायर-बॅटरीसाठी बाजूला टाकायचे ८ हजार. वर्षाचे ६० हजार झाले, महिन्याला ५ हजार, आणि गाडी अजून जागची हललेली नाही. आता धायरीहून येरवड्याला रोज नेली तर जाऊन-येऊन तीस किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस. पुण्याच्या गर्दीत लिटरला बारा किलोमीटर मिळाले तर पुष्कळ. लिटरला १०४ रुपये धरले तर साडेसहा हजारांचं पेट्रोल. एकूण साडेअकरा हजार.

दुसऱ्या बाजूला आनंदनगर ते येरवडा मेट्रोने. दोन्ही स्टेशनं वनाज–रामवाडी या एकाच मार्गावर आहेत, मध्ये गाडी बदलायची नाही. एका वेळचे ३० रुपयांच्या आसपास धरा, महिन्याचे दीड हजार. रिक्षा: पुण्यात सप्टेंबर २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. चार किलोमीटरची फेरी ६८ रुपयांना पडते. डॉक्टर, बाजार, मुलाचा क्लास असं सगळं मिळून अशा पंचवीस फेऱ्या धरल्या तर सतराशे. बार्शीच्या जाण्यायेण्याचे महिन्याला सरासरी हजार, आणि अधूनमधून रविवारी भाड्याची गाडी घेतलीत तर त्याचे दीड हजार. पावणेसहा हजारांच्या पुढे काही जात नाही. मधला फरक पाच-सहा हजारांचा. २७ हजारांच्या घराऐवजी ३२ हजारांचं, लिफ्ट असलेलं घर तुम्हाला याच पैशांत परवडतं. विक्रीचे तीन लाख मी यात धरलेलेच नाहीत.

धायरीचं घर कागदावर स्वस्त दिसतं. पण ते घर घेतलंत की गाडी आणायची की नाही हा प्रश्न उरतच नाही, ती आणावीच लागते. म्हणजे २२ हजार भाडं आणि साडेअकरा हजार गाडी, ३३ हजार ५०० झाले. शिवाय वेळ. टॉमटॉम या नकाशे बनवणाऱ्या कंपनीच्या २०२४ च्या जागतिक पाहणीत गर्दीच्या शहरांत पुणे चौथं होतं. १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं. ही झाली सरासरी. सकाळी नवाच्या सुमाराला सिंहगड रोडने निघून, स्वारगेट ओलांडून, बंडगार्डनचा पूल पार करून येरवडा गाठायचं म्हणजे सव्वा तास हाताशी ठेवूनच निघावं लागेल. सिंहगड रोडवर उड्डाणपूल झाला, त्याने फरकही पडला, पण पूल जिथे उतरतो तिथे पुढची रांग लागलेलीच असते. बँकेत दहाच्या ठोक्याला काउंटर उघडायचा असतो. सव्वा तास क्लच दाबून तुम्ही खुर्चीत बसाल तेव्हा निम्मा दिवस आधीच खर्च झालेला असेल. मेट्रोने तोच प्रवास अर्ध्या तासाच्या आसपास होतो, आणि तेवढ्या वेळात तुम्ही वर्तमानपत्र वाचू शकता.

आता कोथरूडच्या त्या मालकांचं वाक्य: रस्त्यावर लावा, सगळेच लावतात. हे वाक्य मी तीस वर्षांपूर्वी सदाशिव पेठेत ऐकलं आणि त्यावर विश्वास ठेवला. पुण्यातल्या कित्येक रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्या तुम्हाला दिसतील. एका बाजूला विषम तारखेला गाड्या लावायच्या, दुसऱ्या बाजूला सम तारखेला. बार्शीतल्या माणसाला ही गंमत वाटते. रोज करायला लागली की कळतं. रात्री जेवणं उरकली की आमच्या घरात पहिला प्रश्न असायचा, उद्या तारीख काय? मग कोणीतरी चपला घालून खाली जाणार, समोरच्या बाजूला जागा आहे का बघणार, नसली तर गल्लीला तीन चकरा मारणार. ३१ तारीख आली की बरं वाटायचं, कारण ३१ आणि १ दोन्ही विषम, एक रात्र सुटका. सकाळी उशीर झाला की उचलणारी गाडी यायची आणि मग दंड भरून, अर्धी रजा टाकून आपलीच गाडी सोडवून आणायची. तुमच्या घरात हे कोण करणार? मिस्टरांना गाडीचा उत्साह नाही. म्हणजे दिवसभर बँक करून आल्यावर रात्री दहाला तुम्हीच.

याला कंटाळून आम्ही गाडी दोन गल्ल्या पलीकडे एका ओळखीच्यांच्या आवारात महिन्याचं भाडं देऊन ठेवली. तिथून ती बाहेरच निघेना. भाजीसाठी दोन गल्ल्या चालून जाऊन गाडी कोण काढणार? पंधरा-पंधरा दिवस उभी. बॉनेटखाली उंदरांनी चिंध्यांचं घर केलं आणि वायरी कुरतडल्या. त्या दुरुस्त केल्या. आणि मग एका रात्री पावणेदोनला सासऱ्यांच्या छातीत दुखायला लागलं. मिस्टर धावत त्या आवारात गेले, फाटकाला कुलूप, मालकांना उठवलं, किल्ली फिरवली, तर नुसती टिकटिक. बॅटरी बसलेली. शेवटी समोरच्या वाड्यातल्या रिक्षावाल्याने त्यांना दवाखान्यात नेलं. वेळेवर पोचलो म्हणून ते पुढे अकरा वर्षं होते. सासूबाई म्हणतात ना, रात्री-अपरात्री गाडी लागते, त्यांना हे जरूर वाचून दाखवा. त्यांची काळजी खरी आहे, आणि नव्या शहरात म्हाताऱ्या माणसाला ती जास्तच वाटते. पण अशा वेळी कामाला येतं ते वेगळं असतं. महाराष्ट्रात १०८ वर फुकट रुग्णवाहिका मिळते आणि तिच्यात डॉक्टर असतो, जो तुमच्या गाडीत नसेल. घर ठरलं की जवळचं चोवीस तास चालणारं रुग्णालय पाहून ठेवा, कोपऱ्यावरच्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर घेऊन ठेवा आणि ते सासूबाईंच्या फोनमध्येही घाला. रिक्षावाल्याशी ओळख त्यांनी स्वतः करून घेतलेली बरी. बार्शीची माणसं बोलकी असतात, त्यांना जमेल.

गाडी नसण्याचा त्रास होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. जुलैत धो-धो पाऊस लागला की रिक्षा मिळत नाही. मिळाली तर जवळचं भाडं नको म्हणतात. फोनवरच्या ॲपवर त्या वेळी दर चढतात. गणपतीत मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात आणि मेट्रोत उभं राहायला जागा मिळत नाही. पालख्या शहरात आल्या की दोन-तीन दिवस कुठूनही कुठेही जाणं अवघड. पण नीट पाहा, यातल्या बहुतेक दिवशी गाडी असूनही तुम्ही ती काढली नसती. राहतो पाऊस. त्या चार-सहा संध्याकाळी तुम्हाला गाडीची आठवण येईल आणि चिडचिड होईल, हे कबूल. मेट्रो स्टेशनपासूनचं अंतर दहा मिनिटांच्या आत ठेवा, असं मी पुन्हा पुन्हा म्हणतेय ते या संध्याकाळांसाठीच. स्टेशनांना लिफ्ट आहेत, त्यामुळे सासूबाईंनाही मेट्रोने नेता येईल. फक्त स्टेशनपर्यंतचं अंतर त्यांच्या पायांनी मोजा, तुमच्या नको.

शाळेचं थोडक्यात. शाळा घराजवळची घ्या, नावाजलेली आणि लांबची नको. तिसरीतला मुलगा चालत किंवा शाळेच्या गाडीने जाईल.

बार्शीला जाण्याचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, म्हणजे तुम्ही आणि सासूबाई दोघींनाही. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे असतील तर त्यांचा प्रवास फुकटच. लातूर–मुंबई एक्सप्रेस बार्शी टाऊनला थांबते आणि पुण्यावरून जाते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय पसरून झोपून जाता येतं, ते गाडीच्या मागच्या सीटवर होत नाही. स्वतःच्या गाडीने दोनशेच्या वर किलोमीटर, पेट्रोल, सरडेवाडी आणि पाटसचा टोल, आणि चालवणाऱ्या एकट्या तुम्ही.

एमएच-१३ वरून पोलीस अडवतात ही ऐकीव गोष्ट. गाडी महाराष्ट्रातच राहते आहे, तेव्हा नवीन कर नाही, नवीन नंबर नाही. कायद्याने एवढंच करायचं असतं की मालकाचा राहण्याचा पत्ता बदलला की ३० दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नवा पत्ता घालायचा. परराज्यातल्या गाडीचे नियम वेगळे असतात, ते कोणीतरी तुम्हाला लावून सांगितलेत. उद्या गाडी पुण्यात आणायची वेळ आलीच तर या कारणाने अडू नका.

अशी वेळ येऊ शकते का? येऊ शकते. मिस्टरांना चाकण-रांजणगावसारख्या एमआयडीसीत रोज जावं लागलं, किंवा सासूबाईंना आठवड्यातून तीनदा एखाद्या उपचाराला न्यावं लागलं, तर मी वेगळं सांगेन. तेव्हाही आधी पार्किंग असलेलं घर, आणि भाडेकरारात ‘पार्किंग क्रमांक अमुक’ असा स्पष्ट उल्लेख. सोसायटीत ‘लावा हो, कोणी काही म्हणत नाही’ असं सांगणारे मालक अकरा महिने दुसरीकडे राहतात आणि वॉचमनशी रोज तुम्ही भांडता.

आता दीरांचा विषय. इथे मला तुमची सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण बाकी सगळी चूक दुरुस्त होते, घरातली कटुता होत नाही. ‘आमच्याकडे ठेवा, आम्ही वापरू’ हे ते प्रेमानेच म्हणत असतील. पण त्याचा अर्थ असा: नाव तुमचं, चाक त्यांचं. विम्याचा हप्ता कोण भरणार? टायर कोण बदलणार? वेग मर्यादा ओलांडल्याचं ई-चलन तुमच्या फोनवर येईल, ते त्यांना पाठवताना काय लिहाल? ही चलनं त्या मानाने किरकोळ. खरा धोका अपघाताचा आहे. आरसीवर ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. गाडी त्या दिवशी कोण चालवत होतं, कोणाच्या दारात उभी असायची, याने ती टळत नाही. सहा महिन्यांनी तुम्ही बार्शीला जाल, किल्ली मागाल, आणि ‘आज जरा शेतावर न्यायची होती’ असं ऐकाल. हप्ते तुम्ही भरलेत, आणि मागायचा संकोचही तुम्हालाच वाटेल. असं भिजत घोंगडं ठेवू नका.

त्यांना गाडी हवी असेल तर त्यांनाच विका. डीलर ३ लाख १० देतोय, घरातले म्हणून ३ लाख घ्या, तीन हप्त्यांत घ्या, पण नावावर करून द्या. सासूबाईंसमोर बोला, म्हणजे पुढे कोणाच्या मनात काही राहणार नाही. त्यांनी नको म्हटलं तर तो त्यांचा निर्णय, मग बाहेर विकायला तुम्ही मोकळ्या. मनच होत नसेल विकायला, तर निदान हे करा: दिवाळीपर्यंतच त्यांच्याकडे, विमा चालू, आणि त्या काळातला सगळा खर्च कोणाचा ते आधी बोलून ठेवलेलं. दिवाळीच्या पुढे एक दिवसही ढकलू नका.

विक्रीची कागदपत्रं हा भाग जरा नीट वाचा, कारण तिथे आम्ही फसलो होतो. ती उंदरांनी कुरतडलेली गाडी आम्ही एका डीलरला दिली, पैसे मोजून घेतले, कागदांवर सह्या केल्या आणि सुटलो म्हणून घरी आलो. नाव बदलायचं काम त्याने केलंच नाही, गाडी तशीच पुढे विकली. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातून एका अपघाताबद्दलची नोटीस मिस्टरांच्या नावाने घरी आली. गाडी विकली तेव्हाची पावती एका जुन्या डायरीत सापडली म्हणून थोडक्यात निभावलं, तरी तारखांना जाण्यात वर्ष गेलं. आता नियम पुष्कळ बरे झालेत. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. अशा डीलरला गाडी देताना नमुना २९ सी ऑनलाइन भरून कळवलं की तिथून पुढे तो मालक समजला जातो. त्याच्याकडे अधिकारपत्र आहे का, हे भाव बोलायच्या आधी विचारा. दीरांना किंवा इतर कोणाला विकलीत तर नमुना २९ आणि ३०, हे मालकी बदलाचे अर्ज. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव करून घ्यायचं. नवीन नावाची आरसी तयार झालेली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फाइल बंद करू नका. आणि गाडी देताना तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, किलोमीटरच्या आकड्यासह.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. विम्यातला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं तुम्ही क्लेम केला नसेल तर तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला आहे. गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं, आणि त्या काळात तुम्ही दुसरी गाडी घेतलीत तर तिच्या विम्याला ही सूट लागू होते. दीरांना हेही सांगा की तुमची सूट त्यांना मिळणार नाही, त्यांचा हप्ता जास्त येईल. नंतर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल.

तीन वर्षांचा हा हिशोब मला तुमच्यासाठी फार सोयीचा वाटतो. तुमची नोकरी बदलीची. तीन-चार वर्षांनी तुम्ही मंगळवेढ्याला असाल, चिपळूणला असाल, अशा ठिकाणी जिथे संध्याकाळी सातनंतर एसटीची वाट पाहावी लागते. तिथे गाडी लागेल, तेव्हा घ्या. तुमची आजची गाडी त्या दिवसासाठी पुण्यात जपून ठेवलीत तर ती तेव्हा नऊ-दहा वर्षांची, झिजलेली, दीड लाखाची झालेली असेल.

राहिलं ते तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलेलं. गल्लीने नावं ठेवली असताना तुम्ही गाडी शिकलात, आणि आता ती सोडायची म्हणजे ती लढाई वाया गेल्यासारखं वाटतंय. ‘ट्रॅफिकचा ताप’ म्हणून मिस्टर हे उडवून लावतात तेव्हा तुम्हाला का टोचतं, ते मला कळतं. त्यांना हे एकदा सांगा. त्यांच्यासाठी तो खर्चाचा प्रश्न आहे. तुमच्यासाठी ते, कोणाला न विचारता घराबाहेर पडता येणं आहे. बार्शीत त्याला गाडीच लागत होती, कारण दुसरं काही नव्हतं. आनंदनगरच्या फलाटावर सकाळी साडेआठला उभ्या राहाल तेव्हा बघा किती बायका एकट्या, खांद्याला पर्स लावून, कोणालाही न विचारता कुठेकुठे निघालेल्या असतात.

आणि चालवणं सोडू नका. सहा महिने सवय सुटली की भीती परत येते, हे बायकांच्या बाबतीत मी खूप पाहिलंय, कारण घरात ‘राहू दे, मी घेतो’ म्हणणारं कोणीतरी असतंच. महिना-दीड महिन्याने एक दिवसासाठी स्वतः चालवायची गाडी भाड्याने घ्या. अशा गाड्यांची नंबरपाटी काळी असते आणि आकडे पिवळे. पांढऱ्या पाटीची, कोणाच्या तरी खासगी नावावरची गाडी भाड्याने घेऊ नका, अपघात झाला तर विमा हात वर करतो. रविवारी पहाटे सहाला पौड रोडने चांदणी चौक ओलांडून मुळशीकडे निघा. पावसाळ्यात तो रस्ता असा सुंदर असतो की सासूबाई मागच्या सीटवरून उतरायचं नाव घेणार नाहीत. परतताना मात्र अकराच्या आत चांदणी चौकाच्या अलीकडे या, नाहीतर रविवारची अर्धी गर्दी तिथेच भेटेल. आणि त्या दिवशी चाक मिस्टरांच्या हातात देऊ नका.

एक काम मात्र बार्शी सोडायच्या आधी, याच आठवड्यात करा. कर्ज फिटलं म्हणून आरसीवरचं बँकेचं नाव आपोआप जात नाही. तुम्ही स्वतः बँकेतल्या, कर्जदारांना हे रोज सांगत असाल, पण स्वतःच्या आरसीवर अजून ‘हायपोथिकेशन’ असं लिहिलेलं आहे का, ते काढून बघा. असेल तर नमुना ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र लावून अर्ज द्या. दीरांना विकलीत, डीलरला विकलीत किंवा दिवाळीपर्यंत ठेवलीत, तरी तो कागद तुम्हाला लागणारच आहे, आणि जूननंतर त्यासाठी सोलापूरला चकरा मारायला तुम्हाला रजा मिळणार नाही.